आतून पुसलेलं हेल्मेट

"उतरव."

स्टोअरकीपर एवढंच म्हणाला. पाहुण्यांच्या गाड्या नुकत्याच गेटबाहेर गेल्या होत्या. आवारात मांडव, मांडवात रिकाम्या खुर्च्या, अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या. मी आन् सोपान आगीत घालायचे नवेकोरे सूट अंगावर घेऊन उभे होतो. शिडीवर चढून उतरलो होतो, जखमी माणूस म्हणून कापडी पुतळा खांद्यावर टाकून आणला होता, टाळ्या घेतल्या होत्या. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा.

"इथंच?" मी म्हणालो. आमचं प्रात्यक्षिक बघायला शाळेची पोरं आणली होती. ती अजून बसमध्ये चढत होती. त्यांच्या बाई तिथंच उभ्या होत्या.

"मग तुझ्यासाठी खोली बांधू का? नवा माल आहे. घामाचा वास लागतो. उतरव."

उतरवला. सूट जाड, त्यात एप्रिलचं ऊन, म्हणून आत नुसती बनियन आन् हाफ चड्डी होती. सगळी अंगाला चिकटलेली. बसच्या खिडकीतून एक पोरगी मघाशी मला सलाम करत होती. तिनं मान फिरवली. बिचारीला लाज वाटली असंल. मला तर लई वाटली.

सोपाननं हेल्मेट दिलं. स्टोअरकीपरनं ते खुंटीवर टांगलं. मग मी दिलं. त्यानं माझं हेल्मेट उलटं केलं, फिनेलच्या बादलीतलं फडकं पिळलं आन् आतून पुसलं. कपाळ टेकतं ती पट्टी परत परत घासली. मग दोन खुंट्या सोडून तिसऱ्या खुंटीला लावलं. सोपानचं तसंच लटकत होतं, घामानं थबथबलेलं.

आम्ही दोघं एकाच शिडीवर चढलो होतो. घाम दोघांचा सारखाच गळला होता. आडनावं तेवढी वेगळी होती.

मी आगीच्या गाडीवर कंत्राटी जवान हाय. घर मुकुंदवाडीत, रेल्वे रुळाच्या अलीकडं. सोपान सोयगावकडचा. घरी शेती, पण भाऊ तिघं, त्यात ह्याच्या वाट्याला काय येणार, म्हणून शहरात आला. माझ्याच डब्यातली भाकरी खायचा. आईच्या हातचा ठेचा संपला तर माझ्याशी भांडायचा. माझ्या डब्याला हात लावताना तो कधी काय पुसत नव्हता. हे सांगून ठेवतो, पुढं कामाला येईल.

तो दिवस चौदा एप्रिलचा. देशभर आगवाल्यांचा दिवस असतो तो. मुंबईच्या गोदीत आगीशी झुंजताना मेलेल्या जवानांची आठवण म्हणून आमच्याकडं मांडव पडतो, भाषणं होतात. आन् आमच्या वस्तीत त्या दिवशी जयंती. आमच्याकडं नुसतं जयंती म्हटलं की झालं, कुणाची ते सांगावं लागत नाय. आमची दिवाळी, दसरा, सगळं तेच. नोकरीला लागल्यापासून मला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाय. प्रात्यक्षिक असतं ना.

आता प्रात्यक्षिकाला आम्हीच का, तर त्याची बी एक गंमत हाय. सूट घ्यायचे ठरले तेव्हा खरेदी समिती बसली. बंद खोलीत, एसीत. आगीच्या धुरात ज्याचा कधी श्वास कोंडला असा एक बी माणूस त्यात नव्हता. माप कुणाचं घ्यायचं हे कुणी विचारलं नाय. सगळे एकाच मापाचे आले, आन् चढवले कायम नोकरीतल्या माणसांच्या नावावर. कायम माणसं सगळी पन्नाशीच्या पुढची, पोटं सुटलेली. चेन छातीपर्यंत येईना. एकानं जोर लावला तर चेन तुटली, मग तो सूट दुरुस्तीला गेला तो गेलाच. राहिलेले कुलपात. वर्षातून एखाद्या वेळी पाहुणे यायचे असले की कुलूप निघतं, आन् मग बसतील कुणाला? आम्हाला. लग्नापुरते मागून आणलेले दागिने नवरीच्या अंगावर घालावेत, तसं. पंगत उठायच्या आधी काढून घ्यायचे.

रोजच्या आगीला आम्ही खाकी सुती कपड्यात जायचो. पायात गमबूट.

मी विचारलं नाय असं नाय. आमच्या केंद्राच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तू आमचा माणूस नाहीस, एजन्सीचा आहेस. तिला माग." एजन्सीच्या माणसाला विचारलं. तो हसला. "आग आमची हाय का? त्यांची हाय. त्यांनाच माग की." दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो मीच.

तर हेल्मेट. मी काय बोललो? काय नाय. बादलीकडं बघत राहिलो. आमच्या गाडीचे ड्रायव्हर चाचा, कायम नोकरीतले, निवृत्तीला आलेले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "छोड़ ना रे. पोंछा तो पोंछा. तेरे सर से क्या गया?" चांगल्या मनानं म्हणाले. मला त्यांचाच राग आला. ज्याच्यावर यायला पाहिजे त्याच्यावर काढता येत नसला की असंच होतं.

संध्याकाळी घरी आलो तर वस्तीत निळे झेंडे, पताका, हलगीचा दणका. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी मला अडवलं आन् सलाम ठोकला. कुणीतरी माझा सूटमधला फोटो मोबाईलवर टाकला होता, तो वस्तीभर फिरला होता. आईनं शेजारणीला परत परत दाखवला. म्हणाली, "सायबावानी दिसतंय माझं लेकरू. आता आगीची काळजी नाय बघा." काळजी नाय! मी हातपाय धुतले आन् गप जेवलो. तिला काय सांगणार होतो, की सूट फोटोपुरता हाय? आन् हेल्मेट फिनेलनं पुसून ठेवलंय?

मे महिन्यात भर दुपारी आगीची वर्दी आली. औद्योगिक वसाहतीच्या कडेला प्लॅस्टिक भंगाराचं गोदाम पेटलं होतं. आम्ही पोहोचलो तर वसाहतीचं आगदल आधीच आलेलं. त्यांची पोरं सगळी सूटमध्ये. त्यातला एक माझ्याच वयाचा. पाईप सोडता सोडता त्यानं विचारलं, "तुमचे सूट?"

"धुवायला टाकलेत," मी म्हणालो.

का म्हणालो? ज्या खात्यानं माझं हेल्मेट फिनेलनं पुसलं, त्याची अब्रू मी झाकत होतो. माणूस किती मुरतो बघा.

त्यांच्या अधिकाऱ्यानं आमच्या साहेबांना सांगितलेलं मी ऐकलंय. "तुमच्या पोरांकडं काही नाही. आमची आत जातात, तुम्ही बाहेरून पाणी द्या." सरळ गोष्ट होती. दोन दलं एका आगीवर आली की असंच करायचं असतं. पण साहेबांनी गेटकडं बघितलं. तिथं कॅमेरेवाले जमले होते. म्हणाले, "हद्द आमची आहे. पुढं आमचा पाईप जाईल."

हद्द! आगीला हद्द कळती का?

पाईपाचं पितळी तोंड सोपानच्या हातात होतं. मी त्याच्या मागं, पाईप काखेत धरून. दारातून आत शिरलो आन् वर छताला टांगलेले प्लॅस्टिकचे गठ्ठे वितळायला लागले. पेटते थेंब गळत होते. पहिला थेंब सोपानच्या मनगटावर पडला. त्यानं तोंड सोडलं नाय. सोडलं असतं तर पाण्याच्या जोरानं पाईप उसळून माझ्या तोंडावर आला असता. त्याला ते माहीत होतं. मग वरचा गठ्ठाच सुटला. मी ओरडलो, पाणी बंद करायला सांगितलं, त्याला कमरेला धरून मागं ओढलं. तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर पेटतं प्लॅस्टिक चिकटलेलं होतं, कोपरापर्यंत. वास अजून जात नाय माझ्या नाकातला.

सूटबरोबर हातमोजे येतात. तेपण कुलपातच होते.

दवाखान्यात साहेब शहाळं घेऊन आले. म्हणाले, "एजन्सीशी बोलतो." एजन्सीचा माणूस आला, म्हणाला, "खात्याशी बोलतो." बोलत असतील अजून. सोपानच्या दोन्ही हातांना बँडेज. मी त्याला खिचडी भरवायचो. एकदा घास तोंडाशी नेला तर त्यानं तोंडच उघडलं नाय.

म्हणाला, "तवा तुझं हेल्मेट पुसलं ना, मला दिसलं व्हतं."

मी चमचा खाली ठेवला.

"मी गप बसलो. खरं सांगू? मला बरं वाटलं व्हतं रे. म्हनलं, आपलं नाय पुसलं."

मी उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात उभा राहिलो. ज्यानं माझ्या आईचा ठेचा खाल्ला, ज्यानं माझ्यासाठी हात जाळून घेतले, त्याला बरं वाटलं होतं. वाटलं, जावं घरी, मरू दे. मग वाटलं, ह्याला आता कोण भरवणार? परत आत गेलो. तो रडत होता आन् त्याला डोळे बी पुसता येत नव्हते. मीच पुसले. उरलेली खिचडी भरवली.

पण डोक्यात एक गोष्ट त्या दिवशी लख्ख झाली. फडकं माझ्या एकट्यासाठी होतं, कुलूप मात्र आम्हा दोघांसाठी होतं. फडक्यानं त्याला गप ठेवलं, पोटानं मला गप ठेवलं, आन् कुलूप राहिलं तिथंच. चुलीत गेलं असलं गप बसणं.

सोपान गावी गेला. त्याच्या बोटांची मूठ पूर्ण वळत नाय आता. त्याच्या जागी एजन्सीनं दुसरा पाठवला, जालन्याकडचा.

ह्या वर्षी परत चौदा एप्रिल आला. मी जयंतीची सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "तू फोटोत चांगला दिसतोस, तूच पाहिजेस." घातला सूट. चढलो शिडी, उचलला पुतळा, टाळ्या पडल्या. पाहुणे गेले. स्टोअरकीपर बादली घेऊन आला.

"उतरव."

"नाय."

त्याला ऐकू आलं नाय बहुतेक. "काय?"

"नाय उतरवत. संध्याकाळपर्यंत माझी ड्यूटी हाय. वर्दी आली तर ह्याच्यातच जाणार."

"तो कायम लोकांच्या नावावर आहे."

"मग बोलवा त्यांना. बसतो का बघा."

चाचा फिसकन हसले, मग खोकल्याचं नाटक केलं. साहेब आले. आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापासून एजन्सी तुला पाठवणार नाही."

"आज तर पाठवलंय," मी म्हणालो, आन् जाऊन गाडीत बसलो.

जालनावाल्यानं सूट काढून दिला. खाली मान घालून बनियनवर उभा राहिला. मी त्याला दोष देत नाय, मी बी तसाच उभा होतो.

त्या सूटमध्ये दुपार काढणं म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात बसणं. बुटात घाम साचला. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. चाचा खिडकीशी येऊन म्हणाले, "उतार दे रे पागल, मर जाएगा." मी म्हणालो, "चाचा, पाणी द्या." त्यांनी बाटली दिली, मग दुसरी आणून दिली आन् स्टोअरकीपरच्या समोर माझ्या शेजारी येऊन बसले. लांबून कुठूनतरी जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज येत होता.

वर्दी आली नाय. आली असती तर सांगायला बरं झालं असतं.

ड्यूटी संपली तेव्हा मी खोलीत जाऊन, दार लावून, माझ्या हातानं सूट उतरवला. स्टोअरला दिला नाय. गाडीच्या दाराशेजारच्या खुंटीला लावला. हेल्मेट त्याच्यावर. स्टोअरकीपर फडकं घेऊन पुढं आला. मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "पुसायचं असंल तर सगळ्यांची पुसा. एकट्याच्याला हात लावायचा नाय." तो बादली तिथंच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा फोन आला, घरी बस म्हणून. सूट परत कुलपात गेला, चाचांनी सांगितलं. आई विचारते, आता काय? फोटो तिनं मोबाईलमधून काढलेला नाय. तिला सगळं सांगितलं, फिनेलसकट. ती म्हणाली, "तवाच का नाय सांगितलं रं?"

मी दमलोय. खोटं कशाला बोलू. पण घरी बसणार नाय.

खरेदी समिती पुन्हा बसणार हाय. आणखी माल घ्यायचाय म्हणे. मी सोयगावला जाऊन सोपानला घेऊन येणार हाय. तो हो म्हणालाय. त्या बंद खोलीचं दार उघडून आम्ही दोघं आत जाणार. खुर्ची देणार नायत, उभं राहू. हाकलतील, हलणार नाय. सोपान त्याचे दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवील, चहाच्या कपांच्या मधोमध. आन् मी विचारणार, ह्या खेपेला माप कुणाचं घेताय?