स्टँडबाय डब्यावरचा लाल टॅग

भिलाईत स्टील प्लांटची माणसं घरी येऊनही प्लांटमध्येच असतात. लग्नातली वाढप्यांची यादी शिफ्टप्रमाणे करतात, बायकोच्या मिक्सरला मेंटेनन्सची तारीख ठरवतात, आणि यात काही हसण्यासारखं आहे हे त्यांच्या गावीही नसतं. अशा तिघांच्या ऑर्केस्ट्रात मी तीन वर्षं गिटार वाजवली. प्लांटची नोकरी नसलेला मी एकटाच, आणि खरं सांगतो, याचा मला भारी माज होता.

ऑर्केस्ट्रा चालवायचे ते कीबोर्डवाले काका. प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलचे फोरमन. सुरात ठीकठाक, नियमात कडक. माझ्या गिटारचा आवाज एका डिजिटल प्रोसेसरमधून जायचा. पायाशी ठेवायचा सपाट डबा. कोणत्या गाण्याला कसला आवाज, ते सगळं त्यात आधीच भरून ठेवलेलं. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि विचारलं, "हा बंद पडला तं?"

"नाही पडत, काका."

"अबे, पंपाबद्दल बी लोक असंच म्हणते. याचा स्टँडबाय कुठं हाय?"

झालं! पुढचे चार रविवार स्मृति नगरात काकांच्या गच्चीवर गाणी कमी आणि योजना जास्त. माझा जुना, छोटा प्रोसेसर त्यांनी शोधून काढायला लावला. मोठ्यातले सगळे आवाज त्याच क्रमाने त्यात भरायला लावले. त्याला वेगळा अडॅप्टर, वेगळी केबल, आणि वीजही वेगळ्या बोर्डावरून. "दोन्ही एकाच बोर्डावर लावले तं दोन्ही संगंच मरतीन," म्हणाले. हे बरोबर होतं, पण मी कशाला कबूल करतो!

मग सराव. मी रंगात येऊन वाजवत असताना काका मागून "ट्रिप!" असं ओरडायचे आणि माझा प्लग खेचायचे. मी एका मिनिटात दुसऱ्या डब्यावर जायचं. गाणाऱ्या ताई, त्याही प्लांटच्याच ऑफिसात, मोबाइलवर सेकंद मोजायच्या. ड्रमवाला गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा. मला हसू आवरायचं नाही. कलेचं कारखान्यात लोणचं घालायचं ते असं.

घरी सरावाला लागतो म्हणून त्या स्टँडबायचा अडॅप्टर मी दोनदा उचलून नेला. एकदा परत ठेवायला विसरलो. काका ओरडले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी अडॅप्टरसकट छोट्या प्रोसेसरची पेटी बंद केली, कडीतून तार ओवली आणि तिला लाल टॅग बांधला. त्यावर त्यांचं नाव, खातं, तारीख. प्लांटमध्ये मशीनवर काम चालू असताना लावतात तसाच. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत माणूस असू शकतो. आता माझ्या वीतभर डब्यात कोणता माणूस शिरला होता, ते काकाच जाणोत!

"कार्यक्रमाच्या दिवशी मीच येऊन काढतो," ते म्हणाले.

तो कार्यक्रम माझ्यासाठी साधा नव्हता. भिलाईतल्याच कोहक्याच्या हॉलमध्ये, तिथल्या मंडळाच्या समारंभात, संध्याकाळी सातला. रायपूरच्या एका मोठ्या बँडचा प्रमुख मला ऐकायला येणार होता. त्यांचा गिटारवाला सोडून गेला होता. ती जागा मिळाली असती तर या फोरमन मंडळीतून सुटलो असतो. मला दुसरं काही नको होतं.

काकांची सकाळची ड्युटी, दोनला सुटायची. बदली माणूस आला नाही, ते आत अडकले. आम्ही कीबोर्डाशिवाय सुरुवात केली. तिसऱ्या गाण्यात, माझ्या सोलोच्या आधी, मोठा डबा गेला. त्यावरचे दिवे बंद, आवाज बंद. निवेदिकेने माइक घेतला आणि मंडळाचा इतिहास सांगायला लागली.

मी पेटी पुढे ओढली. ताईंनी टॅग पाहिला आणि हात मागे घेतला. ड्रमवाला तर दोन पावलं सरकला.

"अरे, कापा ना तार!" मी ओरडलो.

"काकांचा टॅग हाय," ताई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

मी फोन लावला. "काका, मेलो मी. टॅग काढू का?"

"फोनवर टॅग निघत नाही. मी निघून राहिलो. हात नको लावू."

हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत रायपूरवाला घड्याळ पाहत होता. मी पक्कड घेतली आणि तार कापली. एका मिनिटाच्या आत छोट्या डब्यावर होतो. गच्चीवरच्या सरावाने हात आपोआप चालले. सोलो असा वाजला की शिट्ट्या पडल्या.

कार्यक्रमानंतर रायपूरवाला विंगेत आला. काका नुकतेच मागच्या दाराने पोहोचले होते, डोक्यावर हेल्मेट तसंच. रायपूरवाल्याने खाली पडलेला टॅग उचलला आणि हसला. त्याचे वडील याच प्लांटमधून रिटायर झालेले.

"टैग किसने निकाला?" त्याने सहज विचारलं. ताई केबल गुंडाळायला लागल्या. तो हसायचा थांबला. "दूसरे का टैग निकालने वाले के साथ मैं काम नहीं करता। घर में यही सीखा है।"

मूर्ख लोक, एका कागदापायी माझं आयुष्य घालवतील, एवढंच डोक्यात होतं.

"मैंने," काका म्हणाले. "मेरा टैग था, मैंने निकाला।"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रायपूरवाल्याने माझा खांदा थोपटला, सोमवारी ये म्हणाला आणि गेला.

टॅगच्या मागे काढणाऱ्याच्या सहीची जागा असते. काकांनी खिशातून पेन काढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"किती वाजता काढलाता तू?"

"सात पंचवीस," मी म्हणालो.

त्यांनी सात पंचवीस लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.