मनसाराम पेंटरची युरिडिसी

मनसाराम पेंटरने उभ्या आयुष्यात किती राण्या रंगवल्या, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि नाटकामागे पडदा लागतो: कधी महालाचा, कधी जंगलाचा, कधी मसणवटीचा. ब्रह्मपुरीपासून वडसापर्यंतच्या कंपन्यांचे पडदे तोच रंगवायचा. वीस फुटी मांजरपाटावर शिडी लावून चढायचं आणि खांब, कमानी, मोर आणि सज्जात उभी राणी उतरवायची, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. पण याच्या हातात जाळं कधी टिकलंच नाही.

त्याची बायको कुंता खाली बसून सरस उकळायची, रंग कालवायची आणि शिडी डगमगली की धावत येऊन धरायची. एकदा तिने खालूनच विचारलं, "एवढ्या राण्या काढता, मले काऊन नाई काढत?"

"तू कुठची राणी लागून गेली? शिडी धर नीट," मनसाराम वरून म्हणाला. दोघंही हसली. नवराबायकोची थट्टा ती, तिथल्या तिथे विरायची. पण माणूस गेलं की थट्टासुद्धा टोचायला लागते.

कुंता नऊ वर्षांपूर्वी काविळीने गेली. मागे तिचा एकच फोटो राहिला, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती ठाण्यात आणून बसवल्यासारखी घाबरलेली होती. लेक दुर्गा माजरीला दिलेली. जावई तिकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला. आई गेली तेव्हा दुर्गा सात महिन्यांची पोटुशी होती, म्हणून तिला मातीला येऊ दिलं नाही. पुढे आचल झाली. ती बोलू लागल्यापासून दुर्गाचा दर फोन एकाच वळणावर यायचा. "बाबा, पोट्टी विचारते, आजी कशी दिसे? मी काय दाखवू तिले? तुमी पेंटर हाव ना?"

"काढतो," मनसाराम म्हणायचा, आणि काढत नव्हता. कागद घेऊन बसला की तिला काय म्हणून काढावं तेच सुचेना. जन्मभर कुठल्यातरी गोष्टीसाठीच चित्रं काढलेला माणूस. नुसतं एखाद्याचं तोंड काढायची त्याला सवय नव्हती.

मधल्या काळात कंपन्यांनी पडदे सोडले. आधी फ्लेक्स आले, मग एलईडी दिव्यांच्या भिंती. जुने पडदे लोकांनी धानाच्या पुंजण्यांवर, रचलेल्या गंज्यांवर, झाकायला नेले आणि पावसात राण्या धुऊन निघाल्या. मनसाराम आता शाळांच्या भिंतींवर पाढे आणि गाड्यांवर नंबर लिहायचा. त्याचं म्हणून जपून ठेवावं असं या जगात काही उरलं नव्हतं, आणि ते त्याच्या मनाला लागायचं.

अशात एका उन्हाळ्यात गहाणे सर आले. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, हौशी आणि बोलघेवडे. ग्रीस नावाच्या दूरच्या देशातल्या जुन्या देवदेवतांच्या गोष्टी त्यांनी मुलांसाठी मराठीत लिहिल्या होत्या, आणि नागपूरची एक संस्था ते पुस्तक छापणार होती. सरांना चित्रं हवी होती, तीही इथल्याच माणसाच्या हातची.

"मले तिकडचं काय ठावं, सर?" मनसाराम म्हणाला.

"मनसारामभाऊ, तुम्ही इंद्राचा दरबार पाहून काढला होता काय?" सर म्हणाले. मनसाराम हसला आणि तयार झाला.

त्याची एकच अट होती. न पाहिलेलं तोंड तो काढत नसे. पडद्यावरच्या राण्यासुद्धा कुठल्या ना कुठल्या बाजारात पाहिलेल्या बायका होत्या. म्हणून आभाळातून वीज फेकणाऱ्या झ्यूसला त्याने जुन्या पोलीस पाटलाच्या मिशा दिल्या. समुद्राचा देव पोसायडन झाला गावच्या तलावात मासोळी धरणारा पत्रू ढिवर, छातीभर पाण्यात उभा, हातात त्रिशूळ. जाळंही त्याला द्यायचं होतं, ते सरांनी गाळायला लावलं. केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा कोण, हे शेजारच्या कलाबाईला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायची कोणाची टापही नव्हती. पाताळाच्या दारातलं तीन डोक्यांचं कुत्रं बसस्टँडवरच्या तीन कुत्र्यांतून जुळवलं. कित्येक वर्षांनी मनसाराम काम करताना गुणगुणू लागला होता.

शेवटची गोष्ट ऑर्फियसची. सरांनी ती त्याच्या ओसरीत बसून वाचून दाखवली. ऑर्फियस हा मोठा गाणारा. त्याची बायको युरिडिसी साप चावून मेली. तो तिच्यासाठी जित्या देहाने पाताळात उतरला आणि असा गायला की मेलेल्यांचा राजाही पाघळला. ने, म्हणाला, तुझी बायको. ती मागून चालत येईल. पण वर उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. ऑर्फियस चालला, चालला, आणि अगदी तोंडाशी येऊन वळला. ती तिथल्या तिथे नाहीशी झाली, कायमची.

"हे चित्र मोठं घ्या, समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक," सर म्हणाले. "पुस्तकाचा जीव त्यातच आहे."

सर गेले. कुंताला काय म्हणून काढायचं, ते मनसारामला सापडलं होतं. त्याने दुर्गाला फोन लावला. "बाई, तुही माय पुस्तकात येऊन राह्यली. हजार पुस्तकं निंगतीन. हजारातही तुही माय. आचलले सांग." पलीकडे दुर्गा नाक ओढत राहिली.

पण आठवड्याने सर पाहायला आले तेव्हा कच्च्या चित्रातला ऑर्फियस सरळ समोर पाहत चालला होता. मागून त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा धरून एक बाई येत होती. उजेड दोन पावलांवर होता.

"हा वळला कुठे?" सरांनी विचारलं.

"नाई वळला."

"अहो, वळला नाही तर गोष्ट कशी होईल? तो वळला म्हणून ती गेली. मोठ्यांचं ऐकलं नाही की काय होतं, हे पोरांना कळायला नको?"

मनसारामने ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, परत बुडवला. मग एकदम बोलला. "वळला म्हणून गेली म्हणता. मी नाई वळलो, सर. मग माही काऊन गेली?"

सरांना काही उमगेना. मग मनसारामने सांगितलं, आजवर कोणाला न सांगितलेलं. कुंताला अग्नी देऊन सगळे नदीवर गेले, आंघोळी झाल्या, आणि त्याचा थोरला चुलतभाऊ मुखरू त्याचं कोपर धरून म्हणाला, मांगं पाहू नोको. मसणातून परतताना मागे पाहायचं नाही, गेलेल्याचा जीव गुंततो. हे त्यालाही ठाऊक होतं. वाळूतून चालताना मागे सरण खचल्याचा आवाज आला. मान आपोआप वळत होती. मुखरूने कोपर दाबलं आणि तो वळला नाही. "एक डाव पाहाले पाह्यजे होतं," मनसाराम म्हणाला. "कायले ऐकलं मी? ऐकून काय भेटलं मले?" त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसलीही नाही.

गहाणे सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. जाताना एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्हाला पटेल तसं काढा. मी गोष्ट बदलतो."

"नोका बदलवू," मनसाराम म्हणाला. "पाहू द्या त्याले."

त्याने तो कागद बाजूला टाकला आणि नवा ताणून घेतला. सहा दिवस तो त्या चित्राशी बसला. डाव्या अंगाला ऑर्फियस वळलेला, त्याला त्याने स्वतःचंच नाक दिलं. उजवीकडे पाताळाचा काळोख, आणि त्यातून लांब आलेला एक हात. आणि कुंता बरोबर मध्ये. पडद्याचा नियमच होता तो: ज्याच्यासाठी लोक बसलेत, ते माणूस मधोमध. कपाळावरचं गोंदण आलं, एकावर एक चढलेले पुढचे दोन दात आले, आणि शिडी धरून वर पाहताना तिचे डोळे जसे बारीक व्हायचे तसे डोळे आले. सहाव्या दिवशी दुपारी त्याने हात थांबवला. ती आली होती. नऊ वर्षांत त्याला एवढं भरून आलं नव्हतं.

सरांनी चित्र पाहिलं, आणि बाई कोण हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी ते दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि स्वतः नागपूरला नेऊन दिलं.

पुस्तक दिवाळीच्या तोंडावर आलं. दुर्गा मुद्दाम माजरीहून आचलला घेऊन बापाकडे आलेली. सरांनी गठ्ठा ओसरीवर ठेवला, सुतळी तोडली, पहिली प्रत मनसारामच्या हातात दिली. आतल्या पानावर त्याचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. त्याने ते दोनदा वाचलं आणि पुस्तक दुर्गाकडे दिलं. आचल तिच्या मांडीला चिकटून बसली. मेड्युसा आली तेव्हा दुर्गा पदर तोंडाला लावून हसली, कारण कलाबाई कुंपणापलीकडेच उभी होती. मग मोठं चित्र आलं.

डाव्या पानावर ऑर्फियस वळलेला होता. उजव्या पानावर काळोख होता, आणि एक हात. मधे दोन पानं खोल शिवणीत उतरली होती.

"बाबा, माय कुठी हाय?" दुर्गाने विचारलं.

मनसारामला वाटलं, या प्रतीतच काही चुकलं. त्याने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळीकडे तेच. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तर एका बाजूला कान दिसे, दुसऱ्या बाजूला गालाची कड. पडदा सपाट ताणलेला असतो; पुस्तकाला मधे शिवण असते आणि मधोमध जे येईल ते ती गिळते, हे त्या पेंटरला कधी कळायची वेळच आली नव्हती. सरांचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानात यायला हवं होतं, भाऊ. तुम्ही नाही, मी पुस्तकवाला माणूस." मग त्यांना गठ्ठ्याच्या तळाशी परत आलेली मूळ चित्रं आठवली आणि त्यांनी घाईने पुठ्ठे सोडले.

मोठं चित्र दोन तुकड्यांत होतं. छापणाऱ्यांनी यंत्रात मावेना म्हणून ते मधोमध कापलं होतं, आणि कापल्यावर दोन्ही कडा सरळ यायला एकेक पट्टी छाटून टाकली होती.

दुर्गाने दोन तुकडे जमिनीवर जुळवले. जुळले ते. पण मधली दोन बोटं जागाच उरली नव्हती. गोंदण नव्हतं, ते दात नव्हते, नाक काडीएवढं झालं होतं आणि दोन्ही डोळे जवळ येऊन भलत्याच कोणा बाईसारखे पाहत होते. दुर्गाने तुकडे थोडे दूर सरकवले, मग मधली फरशी दिसायला लागली. तिने ते परत जवळ आणले.

आचल वाकून निरखत होती. "आई, हे आजी हाय का?"

दुर्गाने बापाकडे पाहिलं. आचल बोलू लागल्यापासून वाट पाहत होती. "हो," मनसाराम म्हणाला, "हेच."

आचलने चित्राला हात जोडले. दुर्गा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"पुन्हा काढा ना, बाबा," माजरीला परतताना दुर्गा म्हणाली होती. भाऊबीज झाल्यावर मनसारामने कागद ताणला आणि बसला. चार दिवस बसला. गोंदण त्याला माहीत होतं, दात माहीत होते, ते सगळं त्याने नीट काढलं. डोळे मात्र जवळ-जवळ आले. पुसून दूर काढले, तर ती कुंता वाटेना. डोळे मिटून आठवून पाहिलं, तर आतही आता तीच बाई उभी होती, फरशीवर जुळवलेली.