दहाव्याला ठेवलेली चिलीम

माझा दोस्त विलास गेला, हे त्याच्या शेजाऱ्यानं फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "परत ओढायला लागला होता काय रं?" डोकंच फिरलं माझं. माणूस दहिवलीत मिरचीच्या वाफ्यात हार्ट अटॅकनं पडला, आणि यांना चौदा वर्षांपूर्वीचा गांजा आठवतोय!

ओढायचा, खोटं कशाला बोलू... भिसेगावच्या मागं माळावर बसून आम्ही दोघंच ओढायचो, खिदळायचो. पहिला झुरका त्याला मीच दिला. पुढं त्याची चिलीम सुटली. त्याची बायको, वहिनी म्हणतात, "माझ्या उपासांनी," गावातले बुवा म्हणतात, "मी घातलेल्या माळेनं." कपाळ! मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, "कटाळा आला रं. त्याच त्याच गोष्टीवर किती हसायचं? आन् सकाळी पोरीला शाळंत सोडायचं, डोकं जड होतं." बस्स. खोपोलीच्या कंपनीतली नोकरी, पोर, शेत... एकेक काम वाढलं आणि चिलीम मागं पडली. पण एवढं साधं लोकांना पटेल तर ना!

दहाव्याला नदीवर तर कहरच. कावळा शिवेना. त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "इच्छा राहिली आसंल," आणि खिशातून चिलीम काढून पिंडापुढं ठेवली, सगळ्यांदेखत! विलासची पोर प्राजक्ता आता कॉलेजात आहे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पांढरीफटक पडली. "काका, बाबा शेवटपर्यंत...?"

"नाय गं! माझ्यासंगं ओढायचा, पन तू शाळंत जायला लागलीस तवाच सुटली त्याची," असं ओरडून मी ती चिलीम नदीत भिरकावली. कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा केला.

"आणि तुमची?" तिनं विचारलं. माझी सुटली नव्हती, फक्त कमी झाली होती. कशी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

परवा शनिवारी संध्याकाळी ओढायला माळाकडं निघालो आणि पाय अडखळले. दर शनिवारी याच वेळेला विलासचा फोन यायचा, "विहिरीवरची मोटर बिघडलीय, ये." मी शिव्या घालत जायचो. पोचेपर्यंत मोटर चालू झालेली असायची. मग म्हणायचा, "आलायस तर वाफ्यांना पाणी धर."

तसाच वळलो, दहिवलीला गेलो, प्राजक्ताला म्हटलं, "मोटर बघतो गं, तिचं नेहमीचंच हाय."

"नेहमीचं? काका, आमची मोटर कधी बिघडलीच नाय."

चौदा वर्षं गंडवलं लबाडानं! मी मिरचीच्या वाफ्यात उतरलो आणि पोरीसमोरच ढसाढसा रडलो.