‘मस्ट’ लिहिणाऱ्या साळवेबाई

सोमवारी साडेअकराला ऑफिसातला फोन वाजला. शिपाई सोनवणेकाकांनी उचलला आणि रिसीव्हर हातात धरून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “आपल्या साळवेबाई गेल्या.” मी विचारलं, “कुठे?”... इतकं ते अशक्य वाटत होतं. शनिवारी तर त्या माझ्यासमोर टाइपरायटरला कव्हर घालून घरी गेल्या होत्या. रविवारी सकाळी ओट्याशी उभ्या असतानाच कोसळल्या. वय सत्तेचाळीस. दीड महिना झाला, तरी बाईंबद्दल ‘होत्या’ लिहिताना हात अडखळतो.

शहात्तर साली मी निफाडहून नाशिकला येऊन बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. साळवेबाई तिथे स्टेनो. शिक्षण सगळं मराठी शाळेत, पण इंग्रजी लखलखीत. माझ्या पहिल्याच पत्रात मी ‘द वॉल मस्ट रिपेअर’ असं टाइप केलं होतं. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. “कुसुम, ही भिंत स्वतःच थापी घेऊन बसणार आहे का? ‘मस्ट’नंतर ‘बी’ घाल, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मस्ट बी रिपेअर्ड. भिंतीचं कुणीतरी करायचं असतं गं.” ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

दोन-तीन वर्षांनी इगतपुरीकडच्या एका शाळेतून पत्र आलं, वर्गाची भिंत कलली आहे. साहेबांनी उत्तर सांगितलं : वर्ग ‘मे बी व्हेकेटेड’. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

“साहेब, ‘मे’ म्हणजे रिकामा केला तरी चालेल, नाही केला तरी चालेल. तिकडचा पाऊस माहीत आहे ना? ‘मस्ट’ लिहू का?”

“मी सांगतो तेवढं घ्या, बाई.”

“घेते. पण मी विचारलं होतं, अशी टिप्पणी फाइलला जोडते.”

साहेब लालबुंद झाले, मग हळूच म्हणाले, “लिहा मस्ट.” पत्र गेलं, मुलं देवळात बसू लागली, आणि नवव्या दिवशी ती भिंत रिकाम्या वर्गात कोसळली... अहवालात एवढंच आलं, ‘द चिल्ड्रन हॅड बीन शिफ्टेड’. कुणामुळे हलवली, त्याचा पत्ता नाही. मी चिडले, तर बाई म्हणाल्या, “असू दे. मुलं वाचली ना?”

गेल्या आठवड्यात त्यांचं टेबल आवरायला त्यांची धाकटी बहीण आली. सोबत मी होते. खालच्या खणात, कार्बन पेपरांखाली एक टाइप केलेला अर्ज निघाला, तीन महिन्यांपूर्वीचा. छातीत दुखतं, मुंबईला तपासणीसाठी जायचं आहे, चार दिवसांची ‘लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड’. खाली बाईंची सही. आवक शिक्का मात्र नव्हता. अर्ज दिलाच नव्हता.

“ताई आम्हाला काहीच बोलली नाही हो,” बहीण म्हणाली.

मी तारखा पाहिल्या. त्याच चार दिवसांत मी भावाच्या लग्नाला निफाडला गेले होते. आम्हा दोघींपैकी एकीलाच रजा मिळणार होती, आणि माझ्या अर्जावर शिफारस बाईंनीच केली होती. निघताना म्हणाल्या होत्या, “निवांत जा. माझं काय, कधीही जमेल.”

तो कागद बहिणीने माझ्याकडेच ठेवायला दिला. “तुमच्यावर तिचा फार जीव होता,” म्हणाली. माझ्या खणात आहे तो. तारखांचं मी तिला अजून सांगू शकलेले नाही...