बोट लावलं की वाजतं

ताई चहा गाळत होत्या, तेवढ्यात दार खडखडलं. दारात धाकटा भाऊ उभा होता. रेडिओ दुरुस्तीत उभं आयुष्य घालवलेल्या ताईंनी स्वतः बनवून दिलेलं धातुशोधक यंत्र त्याच्या काखेत होतं. बायकोची अंगठी बागेतल्या उकरलेल्या मातीत पडली होती, माती उचलायला ट्रॅक्टर निघाला होता आणि यंत्र नेमकं मुकं झालं होतं.

"आतल्या क्रिस्टलला बोट लावलं की वाजतं, काढलं की गप्प!" तो कौतुकाने म्हणाला.

ताईंनी झाकण काढलं. धातू हुडकणाऱ्या कॉइलला ठेका देणाऱ्या क्रिस्टलशेजारी दोन इवलेसे कपॅसिटर हवेत, तिथे एकच होता.

"दुसरा कुठे गेला?"

"माझ्या रेडिओला लागत होता, म्हणून काढला. एवढासा तर होता, ताई!"

ताईंचं डोकंच फिरलं. "एवढासा? त्याच्यावाचून क्रिस्टल सुरूच होत नाही. तुझं बोट त्याची जागा भरतंय, शहाण्या! तुझ्या चष्म्याची एक काडी मी काढून नेली तर चालेल?"

चहा गार झाला. ताईंनी नवा कपॅसिटर सोल्डर केला. कॉइलजवळ चमचा धरताच यंत्र खणखणीत वाजलं. भावाने हात पुढे केला, पण ताईंनी यंत्राची मूठ सोडली नाही.

"जा, अंगठी शोध. माझं एकच मागणं आहे. पुन्हा झाकण उघडण्याआधी मला विचार."