कोरडा उंबरा

वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डावी बाजू गेली, उजवा हात शाबूत राहिला. त्या एका हाताच्या जोरावर ते पुन्हा चालायला शिकले. खाटेवरून उठायचं, भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत यायचं, चौकटीचं उभं लाकूड घट्ट धरायचं आणि उंबरठा ओलांडून ओट्यावर उतरायचं. संडास अंगणातच, ओट्याला लागून. मी पाठीमागे उभी राहिले किंवा काखेत हात घालायला गेले, की ओरडायचे, "जा गं तू, मी काय तान्हा हाय?" म्हातारपणी माणसाकडे फारसं काही उरत नाही. आबांकडे एवढं उरलं होतं की संडासला जाताना त्यांना कोणी लागत नव्हतं.

आमचं घर पळसदरीच्या अलीकडे. तीन खोल्या, वर कौलं, मिरवावं असं त्यात काही नाही. आई रोज सकाळी उंबरठा धुवायची, आणि ती गेल्यापासून ते काम आबांनी स्वतःकडे घेतलं होतं. उठले की दाराशी खुर्चीत बसायचे, तांब्याभर पाणी ओतायचे, हाताने निपटायचे, हळदकुंकवाची बोटं लावायचे आणि मगच बाहेर पाऊल टाकायचे. न धुतलेला उंबरठा आईने घरात कोणालाच कधी ओलांडू दिला नव्हता. ती जिवंत असताना तिचं एक न ऐकणारा हा माणूस ती गेल्यावर तिच्या शब्दाबाहेर जात नव्हता. मला त्याचं हसू यायचं, आणि रागही यायचा. थोडं आधी ऐकलं असतंत तर, असं तोंडावर यायचं.

ते पाणी रोज चौकटीच्या बुडात मुरत होतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. श्रावणात एकदा केर काढताना झाडू लागला आणि लाकडाचा तुकडा गळून पडला. मी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग धड, आत नुसता चहाचा चोथा. आबा रोज ज्याला धरून उभे राहत होते ते लाकूड रंगाच्या पापुद्र्यावर उभं होतं.

भिसेगावचा सुतार येऊन बघून गेला. "ताई, चौकटच बदलाया लागंल. भित फोडाया लागंल. पावसात नाय जमायचं, दिवाळी झाल्यावर बघू." दिवाळीपर्यंत माझ्या बापाने काय धरायचं, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. भिंतीला स्टीलचा दांडा बसवू म्हटलं, तर आबा खाटेवरून कडाडले, "घराचं इस्पितळ करतेस काय?"

इपॉक्सी मला माहीत होतं. खालापूरच्या बाजूला ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे, तिथे फुटलेली फरशी काय नि कुजलेलं लाकूड काय, सगळं त्यानेच बुजवायचे. दोन डबे येतात, एकात राळ आणि दुसऱ्यात तिला घट्ट करणारं औषध. दोन्ही नीट कालवलं की काही वेळात त्याचा दगड होतो. अट एकच, लाकूड आतून कोरडं ठणठणीत पाहिजे. आणि बाहेर श्रावण कोसळत होता.

"आबा, आता थोडे दिस उंबऱ्यावर पाणी घालायचं नाय," मी सांगितलं.

"मग मी भाईर कसा जाऊ?"

"जाताय तसेच. तवर मी धरीन तुमाला."

"उंबरा धुतल्याबिगर मी ओलांडायचा नाय."

कोरडंच हळदकुंकू लावा म्हटलं, तर म्हणाले, "आंघोळीबिगर कपाळाला गंध लावतात काय?" मागच्या दाराला उंच पायऱ्या, धरायला काही नाही, त्यामुळे तो रस्ताही नव्हता. मी हात जोडले, आवाज चढवला, आईची शपथ घातली. शेवटी वैतागून मीच म्हणाले, "मग ऱ्हावा पडून!"

ते पडून राहिले. खाटेखाली भांडं आलं. आम्ही दोघंही एकाच मातीचे, कोणीच मागे सरेना.

मी पटाशीने कुजका भाग कोरून काढला. कडक लाकूड लागेपर्यंत कोरत गेले, आणि चौकटीच्या बुडाशी एवढं भगदाड पडलं की त्यात माझी मूठ मावत होती. ते सुकवायला शेजारी बल्ब लावून ठेवायचा, तर वीज जायची. वीज यायची, तर वाऱ्याने पावसाची झड थेट दारात. थोडं सुकलंसं वाटलं म्हणून आणलेलं इपॉक्सी भरलं, तर वर पांढरट चिकट साय धरली आणि आतलं घट्टच होईना. दमट हवेने घात केला. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. खाटेवरून आबा बघत असायचे. मी म्हणायचे, खोलीतल्या खोलीत तरी चार पावलं टाका. ते भिंतीकडे तोंड करायचे. "कुटं जायाचं हाय?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना चालतं ठेवा. ते शब्द मी रोज आबांना ऐकवत होते. ऐकवून पाय चालत नाहीत.

गणपती येऊन गेले आणि मग कुठे पावसाने उघडीप दिली. लाकूड हाताला कोरडं लागायला लागलं. आधी पातळ राळ भोकांतून आत मुरवली, मग वखारीतला भुसा मिसळून घट्ट लगदा केला आणि दाबून दाबून भरला. दुसऱ्या दिवशी त्यावर नखाचा ओरखडाही उठेना. पॉलिश पेपर मारला, रंग दिला. मी पाय रोवून, दोन्ही हातांनी चौकट हलवून पाहिली. ती जराही हलली नाही. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

"आबा, आजपासून घाला पाणी," मी म्हणाले.

शेजारचे काका आणि मी, दोघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट दाराशी नेलं. आबांनी तांब्या ओतला, हाताने पाणी निपटलं, हळदकुंकू लावलं. चेहरा अगदी खुलला होता. मग त्यांनी उजव्या हाताने चौकट धरली आणि उठायला जोर लावला. वीतभर उठले आणि खाली बसले. पुन्हा जोर लावला. मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या. लुंगीखाली पाय दिसत होते. धडधाकट होता तो उजवा पायही आता नुसती काठी झाला होता. मला ओरडून रडावंसं वाटलं. आईवर, पाण्यावर, पावसावर, आमच्या दोघांच्या हट्टावर, कोणावर राग काढावा ते कळेना.

तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला नाही. नुसती चौकट धरून हलवून पाहिली.

"घट्ट झालंय गं लाकूड," ते म्हणाले.

त्यांनी चौकटीवरचा हात काढला आणि माझ्यापुढे केला.

"धर गं बाय मला."