कविराजांचं ‘नको’

आमच्या कविराजांना कोणी ‘कलंदर’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तीन लग्नं मोडलेली, मारामारीत नाक फुटलेलं, ऐन तारुण्य कोळशाच्या खाणीत आणि दारूच्या गुत्त्यात गेलेलं, आणि वर कवी. कलंदर म्हणायला लोकांना आणखी काय लागतं? मी ओळखत होते ते साठीतले गृहस्थ मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून लिहीत. बसून का लिहीत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बसलो की हात ग्लास शोधायला लागतो.”

२००४ साली मी आणि मंजिरी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत होतो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली हे अमेरिकन कवी. ‘कविराज’ हे मंजिरीने ठेवलेलं नाव; पुण्याची असल्यामुळे कुणाला नाव ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पिऊन गाडी ठोकल्यामुळे त्यांचं लायसन्स केव्हाच गेलं होतं, म्हणून रविवारी किराणा आणायला ते माझ्या खटारा गाडीतून येत. वाटेत अखंड बोलत. “मी नशेत कविता लिहिल्या म्हणतात. नशेत मी फक्त पडलो. लिहिलं दुसऱ्या दिवशी, डोकं ठणकत असताना.” त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर हातात बाटली घेतलेला त्यांचा तरुणपणीचा फोटो होता. दारू सोडून वर्षं लोटली तरी वाचकांना तोच माणूस हवा होता. मला त्या फोटोचा मनस्वी राग येई.

होळीला मंजिरीने पुरणपोळ्या केल्या आणि त्यांना जेवायला बोलावलं. पहिली त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मी दुसरी वाढायला गेले तर “नो, थँक यू” म्हणाले.

“लाजतायत गं ते,” मंजिरी मला मराठीत म्हणाली. “वाढ बिनधास्त, वर तूप सोड भरपूर.”

मी वाढली. ती संपेपर्यंत तिसरी घेऊन उभी राहिले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडे असा हात चुकवूनच वाढायचं असतं, म्हणून मी तो चुकवला. त्याबरोबर ते ताट सारून उभे राहिले आणि असे ओरडले की आम्ही दोघी भिंतीला टेकलो. मग स्वतःच ओशाळले. खुर्चीत बसून हळूच म्हणाले, “माझं ‘नो’ खरं मानत जा, पोरी. मी जिवंत आहे तो त्या एका शब्दावर.”

पाहुण्याचं पहिलं ‘नको’ आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही, त्याला आग्रह म्हणतात, हे मी त्यांना समजावलं. “तुमच्या देशात मी आठवडाभरात मेलो असतो,” म्हणाले, आणि खो खो हसले.

त्या काळात ते एक कादंबरी लिहीत होते. खाणकामगारांचे कपडे धुऊन मुलं वाढवणाऱ्या आपल्या आईवर. आई गेली तेव्हा हे कुठल्याशा गुत्त्यात पडलेले होते; दोन दिवसांनी कळलं. तो भाग तेवढा लिहायचा उरला होता. “हा शुद्धीवर राहूनच लिहायचाय. तिच्यासाठी मी एवढं एकदा तरी करणार,” म्हणत. दुसरं काहीही त्यांना नको होतं, ना पारितोषिक ना कौतुक.

पण कौतुक घरी चालून आलं. त्यांच्या त्या जुन्या संग्रहाची नवी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठ तेच, आणि गावातल्या पुस्तकांच्या दुकानात समारंभ ठरला. मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. वाचन सुरेख झालं. नंतर केसांची शेंडी बांधलेला एक चाहता बर्बन व्हिस्कीची बाटली घेऊन पुढे आला. कविराजांच्या एका कवितेत त्या बर्बनचं नाव होतं, तीच त्याने हुडकून आणली होती. कविराज “नो, थँक यू” म्हणाले. सगळे हसले, जणू विनोद झाला. शेंडीवाल्याने ग्लास भरला. “तुम्ही नाही म्हणता? तुम्ही?” कविराज पुन्हा नको म्हणाले. मी मध्ये पडले, “ते नको म्हणतायत, ऐकू येत नाही का?”

“ही तुमची नर्स का?” शेंडीवाल्याने विचारलं. पुन्हा हशा. कविराजांनी माझ्याकडे पाहिलं, “जाऊ दे, पोरी,” म्हणाले आणि ग्लास घेतला.

माझ्यावर एका पोळीसाठी ओरडणाऱ्या या माणसाला त्या टोळक्यावर ओरडायला काय झालं होतं? चाहते नाराज होतील ही भीती? कविराजांचा मला आजही राग येतो, आणि राग येतो म्हणून रडूही येतं.

त्यानंतर ओट्यावर कागदांच्या जागी बाटल्या आल्या. त्याही चाहत्यांनीच आणून दिलेल्या. रविवारी मी दार ठोठावी, ते उघडत नसत. पुढे मी नोकरीसाठी शेजारच्या राज्यात, पार्सिपनीला आले आणि वर्षभरात ते गेल्याचा फोन आला. आईचं मरण लिहायचं राहूनच गेलं.

“यार, ते तुझे कोण लागत होते? एवढी का चिडतेस?” मंजिरी फोनवर म्हणाली. तिला उत्तर न देता मी गाडी काढली.

शोकसभा त्याच पुस्तकांच्या दुकानात होती, आणि टेबलावर तीच बर्बन. शेंडीवाला भाषणात म्हणाला की कविराज स्वतःच्या मर्जीने जगले आणि मर्जीने गेले. मग मला राहवेना. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “त्यांची मर्जी आईचं पुस्तक पुरं करायची होती. ते नको म्हणत होते. तुम्ही पाजलीत.”

थोड्या वेळाने शेंडीवाला माझ्यापाशी आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक भरलेला ग्लास पुढे केला. “तुम्ही फार दुःखात आहात. घ्या, बरं वाटेल.”

मी नको म्हटलं.

“अहो, घ्या थोडी,” तो म्हणाला.